विहिरीवरचे सतरा एक

प्रिय अण्णा,

उद्या अक्षय तृतीया. उद्या सकाळी मला आपल्या विहिरीवर उभं राहून एका शब्दात उत्तर द्यायचंय, आणि यंदा त्या उत्तराची मला भीती वाटतेय. उभी हयात पोरांना गणित शिकवण्यात गेली. उत्तर आलं की हात वर करा म्हणून ओरडत आले. आता माझं उत्तर आलंय आणि मीच हात खाली धरून बसलेय!

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायची वेळच कुठं आली? बेळगावहून निपाणीपर्यंत लाल गाडी आणि पुढं वडापची जीप, की मी तुमच्या समोर. पण आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि ज्यानं हा घोळ घातला त्याच्याशीच बोललेलं बरं. घोळ तुम्हीच घातलाय, अण्णा. रागवू नका, जरा ऐकून घ्या.

लोकांच्या बापांना पत्त्यांचा नाद असतो, तंबाखूचा असतो. तुम्हाला नाद एकाच्या आकड्याचा. शाळेतनं यायचं, तंबाखूच्या शेडमध्ये खडू घेऊन जमिनीवर एकापुढं एक एक मांडत बसायचं, आणि ती रांग कशानं तुटते ते बघायचं. मला हाक यायची, "पद्मे, अकराशे अकरा तोड बघू." मी म्हणायचे, अकरा गुणिले एकशे एक. "आता आणि एक एक वाढव." अकरा हजार एकशे अकराला मला संध्याकाळपासून सकाळ उजाडली होती. एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर! तुम्ही माझ्या भाकरीवर हात न आखडता काकवी ओतली होती. धाकटा शीतल तेव्हा रांगत होता आणि बाबू माझ्या ताटाकडं बघत होता. त्याला तुम्ही कधी आकडा घातला नाहीत, असं आता आठवतंय.

सात एक तुम्ही स्वतः तोडलेत, दोनशे एकोणचाळीसनं. आणि गल्लीभर सांगत फिरलात! आई चुलीपुढनं म्हणाली, "ह्येंचं डोस्कं तेवढं न तुटू दे म्हंजे झालं." आईला ह्यातलं काही कळत नाही असं आपण दोघं धरून चाललो होतो. मला वाटतं तिला पुढचं सगळं दिसत होतं.

सम संख्येनं एक मांडले की रांग अकरानं तुटते. तिनाच्या पटीत मांडले की तिनानं. म्हणून एक मोजायचे तेच मुळी न तुटणाऱ्या संख्येनं: सात, अकरा, तेरा, सतरा. पण तेवढ्यानं भागत नाही. सात तुटले. अकरा एक तोडायला तुमचा एक अख्खा हंगाम गेला. तेरा तर बिचारे त्रेपन्ननंच तुटले. राहिले सतरा. त्यांना भाग देणारा मूळ आकडा चौतीसच्या पटीपेक्षा एकनं जास्तच असला पाहिजे, हे तुम्ही कुठनंसं शोधून काढलंत आणि रोज सकाळी सामायिकाला बसून ध्यान झालं की चौतीसची एक पट घ्यायची, एक मिळवायचा, आणि भागून बघायचं, हा तुमचा नेम झाला. केस पिकले तरी सोडलं नाहीत. सतरा एक काही तुटले नाहीत.

मग तो उन्हाळा आला. तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा मांडून बघू द्या. विहीर तळाला गेली होती. वेदगंगेकाठचं रान, एकच विहीर, एकच मोटार, आणि पाळीनं पाणी. बाबूच्या उसाची पाळी संपली नव्हती आणि शीतलनं मोटारीला हात घातला. मी सुट्टीला आले होते, काठावरच होते. बाबूनं खोरं उचललं. नुसतं दाखवायला उचललं नव्हतं, अण्णा. त्याचे डोळे मी पाहिलेत. तुम्ही मध्ये येऊन उभे राहिलात आणि खोरं तुमच्या टोपीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं! तुम्ही त्याच्या हातातनं खोरं घेतलंत, दगडावर आपटून त्याचा दांडा काढलात, पातं माळ्यावर टाकलंत, आणि तीन दिवस छिन्नी घेऊन विहिरीच्या काठावरच्या लांब काळ्या दगडावर बसलात. सतरा एक कोरलेत. आपल्या देवनागरीतले, मान खाली घातल्यासारखे दिसणारे. निपाणीचा गवंडी जाता जाता म्हणाला होता, "मास्तर, कानडीत काढा की, नुसतं वाटुळं काढलं की झालं, लवकर आटपंल." तुम्हाला लवकर आटपायचं नव्हतं. शेवटच्या एकानंतर दगडाला हातभर जागा मोकळी राहिली होती. मी म्हटलं, मधोमध का नाही घेतलंत? तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, दगुड हाय, पाटी न्हवं."

चौथ्या दिवशी तुम्ही आम्हा तिघांना बस्तीच्या देवळात नेलंत. आपल्या जैनांत नेम घेतला की तो मूर्तीसमोर घ्यायचा आणि त्याला हद्द सांगायची: अमकं होईपर्यंत तमकं सोडलं. कुणी केळी सोडतं, कुणी अंथरूण सोडतं. तुम्ही माझ्या भावांना वाटणी सोडायला लावलीत. शब्द अजून माझ्या कानात आहेत. "इहिरीच्या दगडावर जो आकडा हाय, त्यो तुटंस्तवर रान तुटायचं न्हाय, आणि भावानं भावावर हात उचलायचा न्हाय." दोघांनी हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "आणि पद्मे, तुझा नेम येगळा. माझ्या माघारी वरसातनं एकदा ह्ये तुला इचारतील, तुटला काय म्हणून. तू खरं सांगायचंस." मी हो म्हटलं. मला त्यात काय जड होतं? खोटं बोलायची मला सवयच नव्हती. अर्धवट उत्तराला अर्धे मार्कसुद्धा मी कधी दिले नाहीत.

आणि अण्णा, गंमत बघा, नेम चालला! दर अक्षय तृतीयेला उसाचा रस पिऊन झाला की सगळे विहिरीवर यायचे, बाबू विचारायचा, "तुटला काय?" आणि तुम्ही म्हणायचात, "न्हाय." तुम्ही गेल्यावर तो मला विचारायला लागला, "आक्का, तुटला काय?" मी म्हणायचे, "न्हाय." दोघी जावा एकमेकींकडनं विरजण नेत होत्या, पोरं दोन्ही चुलींवर जेवत होती. एवढ्याशा आकड्यानं घर बांधून धरलं होतं.

तुम्ही म्हणाल, शहाणे, एवढी शिकलीस, कधी मशिनीत घालून बघितलं नाहीस? नाही बघितलं. निजलेल्या पोराला बोट लावून कुणी बघतं का, जागं आहे काय म्हणून?

पण तुमच्यावर माझा राग आहे. तुम्ही गणिताचे मास्तर! "मला तुटला नाही" आणि "तुटत नाही" ह्यातला फरक तुम्ही आठवीच्या पोरांना छडी घेऊन शिकवलात. सिद्ध झाल्याशिवाय फळ्यावर रेघ ओढू दिली नाहीत. आणि स्वतःची दोन पोरं मात्र सिद्ध न झालेल्या गोष्टीला बांधून ठेवलीत! का हो असं केलंत? थकला होतात का?

आता सांगते. आकडा तुटला.

बाबूची श्रुती कॉलेजसाठी माझ्याकडं बेळगावात राहते, हे तुमच्या हयातीतच ठरलं होतं. मागच्या महिन्यात तिची परीक्षा संपली. मागच्या आठवड्यात एका सकाळी मी पोहे परतत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, एक सांगायचं हाय. रागवायचं न्हाय. इहिरीवरचा आकडा तुटतोय ओ." फोन माझ्यापुढं धरला. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, गुणिले पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न.

मी गॅस बंद केला. फोनवर माझा विश्वास नाही. खडू घेतला आणि तुमच्यासारखी फरशीवर बसले. तीन सत्ते एकवीस, एक खाली, दोन हातचे. मग बाकीच्या ओळी मांडल्या, शेवटी बेरजेला लागले. उजवीकडनं एकेक घर करत डावीकडं सरकत होते आणि प्रत्येक घरात खाली एकच येत होता. एक, एक, एक. कुठं तरी दोन येऊ दे, शून्य येऊ दे, फोन खोटा ठरू दे, असं मी मनात म्हणत होते. शेवटचा एक मांडला तेव्हा पोह्यांचा पार गोळा झाला होता.

चौतीसच्या पटीनं निघाला असतात तर साठ हजार नऊशे तेहतिसाव्या पटीवर तो तुम्हाला सापडला असता, अण्णा. त्याच वाटेवर होता. तुम्ही बरोबर वाटेनं चालला होतात. आणि तुकडे तरी कसले! एक तुकडा दुसऱ्याच्या अडीच हजार पटीहून मोठा. असली वाटणी कोर्टात जाऊन सुद्धा कुणी मान्य केली नसती.

मी विचारलं, "पप्पांना सांगितलंस?"

"संक्रांतीलाच सांगिटलं की. नुसतं म्हणालं, आक्काला बोलू नगंस. खरं माझ्या पोटात ऱ्हाईना आत्या."

संक्रांतीला! म्हणजे बाबूला तेव्हापासून ठाऊक आहे. आणि त्याला ते माझ्याच तोंडून, विहिरीवर, सगळ्यांसमोर वदवून घ्यायचंय. मी "तुटला" म्हटलं की त्याचा नेम सुटला. रान न तोडायचा, आणि भावावर हात न उचलायचाही. बाबू दर आठवड्याला फोन करतो, आक्का बरी हाईस न्हवं, पाय काय म्हणतोय. इतके महिने तो हे बोलत होता आणि आत हे दाबून ठेवत होता. तुम्ही त्याला कधी आकडा घातला नाहीत ना? आता हाच एक आकडा त्यानं पाठ केलाय.

मी श्रुतीला म्हटलं, "आणखी दोन एक वाढवले तर? एकोणीस?" ती फोनकडं न बघताच म्हणाली, "एकोणीस तुटतच न्हाय. त्यो मूळ आकडा हाय, कुणालाच तुटायचा न्हाय, सिद्ध झालंय." इतकं चटकन तिला कसं आलं, हे मी त्या वेळी विचारलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. दोन एक, अण्णा! हातभर जागा मोकळी होती! दोन एक आणखी कोरले असतेत तर जगबुडीपर्यंत रानाला धक्का नव्हता. तीन दिवस छिन्नी घेऊन बसलात, आणखी अर्धा दिवस बसायला काय झालं होतं?

तुमची सत्यवादी पद्मा दुसऱ्या दिवशी खडेबाजारात गेली आणि छिन्नी-हातोडा घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, "आक्का, घर बांधताय काय?" मी हो म्हटलं. पिशवीत तळाला छिन्नी, वर साडी, साडीवर चिक्कूची पिशवी. रविवारी गावाला निघाले. सगळे बस्तीत असतील तेव्हा विहिरीवर जायचं आणि दोन एक वाढवायचे. कोण मोजतंय? नेम दगडावरच्या आकड्याचा आहे. मग कुणी विचारलं तर "न्हाय" म्हणायला माझी जीभ अडखळणार नाही. असा हिशोब मी गाडीत मांडला, आणि मला माझीच लाज वाटत होती. पण भीती लाजेहून मोठी होती.

रानाच्या कडेला दगडांचा ढीग पडला होता. बांध घालायचे घडीव दगड. मला वाटलं शीतलनंच टाकले असतील, निपाणीला गोडाऊन आहे त्याचं, रान विकून मोकळा होईल असं गावही म्हणत होतं. बाबूच्या दारात गेले तर त्याची बायको ताकाचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, हल्ली तिकडनं विरजण आणत नाही, बाजारचं आणते. तांब्या तोंडाला लावला आणि दारामागं नजर गेली.

तुमचं माळ्यावरचं खोरं तिथं उभं होतं. पात्याला तेल लावलेलं. त्याला नवा दांडा बसवलाय, अण्णा.

मी तशीच विहिरीकडं निघाले. पाणी त्या उन्हाळ्यासारखंच तळाला गेलंय, वाकून बघावं लागतं. काठ मोकळा होता. मी दगडापुढं बसले, छिन्नी बाहेर काढली, शेवटचा एक कुठं संपतो ते बघायला पदरानं धूळ पुसली. आणि माझा हात तिथंच थांबला.

मोकळी जागा नव्हती. तिथं दोन एक होते. ताजे, आतून पांढुरके, तुमच्या सतरांच्या पुढं नीट रांगेत. मी बोट ठेवून मोजले. एकोणीस.

कुणीतरी माझ्या आधी येऊन गेलं होतं.

कोण, ते मला कळायला वेळ लागला नाही. त्या दोन एकांच्या शेपटाला टोकाशी वर एक झटका होता. तुम्हाला आठवतंय का? शीतल पाटीवर एक काढायचा तो असाच. तुम्ही म्हणायचात, "एकाला शेपूट कशाला रं, माकड हाय काय त्यो?" पोरगं रडायचं आणि पुन्हा तसाच काढायचं. बाबूनं कधी त्याची पाटी बघितली नाही. मी बघितली, मीच त्याला घेऊन बसायचे. तोच झटका आता काळ्या दगडात!

मी छिन्नी पिशवीत घातली तोवर शीतलच मोटार चालू करायला आला. मला बघून दचकला. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"काय लागलं रं?"

"मोटारीचं झाकण पडलं." हात खिशात गेला.

"ते दगडं कुणी टाकल्यात?"

"दादानं. पंधरा दिस झालं." मोटार तशीच ठेवून तो काठावर बसला. "आक्का, समद्यास्नी वाटतंय मलाच वाटणी पायजे. म्या कुठं जाऊ गं वाटणी घिऊन? गोडाऊनात बसलं की दिसभर पैशाचं बोलणं. सांजचं हितं आलं की अण्णा शेडात बसल्यागत वाटतंय. मधी भित्ताड घातलं तर अण्णा कुणाकडं बसायचं?"

अण्णा, मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या! एकांबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही. घरी आल्यावर श्रुतीला तेवढं विचारलं, एकोणीस तुला तोंडपाठ कसं गं? ती म्हणाली, "शिवरात्रीला मी काकांना बी सांगिटलंतं. तवा त्येंनी इचारलं. किती एक केलं तर तुटत न्हाय म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, झालं, देव पावला. शीतलनं पाप केलं असेल तर ते त्याचं नि माझं. उद्या मी "न्हाय" म्हणेन, बाबू दगड बघेल, त्याला आकड्यातलं काय कळतंय. आमच्या बाबूला आपण सगळ्यांनीच फार हलकं धरलं, नाही का?

आज सकाळी त्याचा फोन आला. पायाचं विचारलं नाही.

"आक्का, रयवारी दगुड बघितलास काय?"

"बघितला."

"मोजलास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला आकडं येत न्हाईत, खरं सतरापातूर मोजता येतंय. एकोणीस हाईत. कुणीतरी दोन वाढीवल्यात. अण्णांच्या दगडाला हात लावलाय."

"बाबू, ऐक की रं..."

"शीतलला बी इचारलं, न्हवं म्हणतोय. उद्या समद्यांचं हात बघतो म्या. लाकडाचं काम न्हवं ते, काळा दगुड हाय. छिन्नी धरलेला हात लपत न्हाय. ज्येचा असंल त्येला त्यो हात ऱ्हाणार न्हाय. आणि तू नेमाची हाईस आक्का. तू खरं सांगशील." फोन ठेवताना म्हणाला, "रसाला ये येळंत."

शेवटचं वाक्य त्यानं नेहमीच्या मायेनं म्हटलं, म्हणून मला जास्त धडकी भरली. मी त्याला आडवं कसं बोलू? त्याचंही खोटं नाही. नेमाच्या हद्दीपर्यंत तो थांबला. इतकी वर्षं पाळीसाठी तोंड मिटून बसला. हद्द आली तेव्हा कुणीतरी रातोरात हद्दच पुढं सरकवली. शेतकऱ्याच्या पोटात ह्याहून मोठी आग कशानं पडते? हद्दीचा खुंटा हलवणाऱ्याला आपल्या भागात काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

श्रुतीला मी घरीच थांब म्हटलंय. तिनं कारण विचारलं नाही. सकाळपासून ती माझ्याकडं बघतेय आणि बघितलं की मान वळवतेय. आकडा आपण तोडला म्हणून हे झालं, असं तिच्या मनानं घेतलंय. तिचा काय दोष? तिनं बरोबर उत्तर दिलं. चुकीच्या घरात दिलं, एवढंच.

फोन ठेवल्यावर मी देवापुढं बसले, पण माळ हातात धरवेना. पिशवीतनं छिन्नी काढली आणि मागल्या दारी धुण्याच्या दगडापाशी गेले.

तेव्हापासून एक काढतेय, अण्णा. आपल्या दगडासारखाच काळा आहे तो, छिन्नी घसरते, ठिणगी उडते. पहिले दोन-तीन म्हणजे नुसते ओरखडे झाले. शेजारीण भिंतीवरनं डोकावली, "बाई, ह्ये काय ओ?" मी म्हटलं, दगड गुळगुळीत झालाय, टाकी देतेय. बघा, एक नेम मोडायचा ठरवला की बाकीच्या थापा कशा आपोआप सुचतात! दुपारपर्यंत उजव्या तळहाताला फोड आला. डाव्या अंगठ्यावर एकदा हातोडी बसली, नख काळं पडेल असं दिसतंय. शीतलच्याच बोटावर, शीतलच्याच जागी. मला बरं वाटलं.

शेपटीचा झटका मात्र येत नव्हता. तुम्ही मला सरळ एक काढायला शिकवलंत, साठ वर्षांचा हात कसा ऐकणार? पण बाबूनं उद्या सगळ्यांदेखत "काढून दाखव" म्हटलं तर यायला हवा. म्हणून तेवढंच घोकतेय.

तुम्हाला वचन देते. उद्या बाबू विचारेल, "आक्का, तुटला काय?" मी म्हणेन, "न्हाय." दगडावर आहे तो आकडा तुटत नाही, इथपर्यंत मी तुमच्या नेमात आहे. मग तो विचारेल, वरचे दोन कुणाचे. तेव्हा मी दोन्ही हात पुढं करेन आणि म्हणेन, "माझे." तो एक शब्द खोटा असेल, आणि तुमच्याजवळ मूर्तीसमोर घेतलेला नेम त्यानं मोडेल. उद्या त्या विहिरीवर काही ना काही मोडणारच आहे. ते माझं मोडू दे. ह्याचं जे काय पाप असेल ते माझ्या नावावर लिहा, आणि भेटल्यावर छडी मारा.

बाबूनं खोरं आणलेलं असेल, हे मला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात तुम्ही जिथं उभे राहिला होतात, ती जागा मला माहीत आहे. तिथनं मी हलणार नाही. तुमच्या टोपीपाशी त्याचा हात थांबला होता. माझ्या पांढऱ्या केसांपाशी थांबतो का, ते उद्या कळेल. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, एवढ्यावरच मी भिस्त ठेवलीय. ह्याची काही सिद्धता माझ्याकडं नाही. तुमच्याकडं तरी कुठं होती?

फोड अजून फुटला नाही, उद्या सकाळपर्यंत टिकायला हवा. झटका आता जमायला लागलाय, अण्णा. थोडा उजेड आहे तोवर आणखी काही एक काढून घेते.

तुमची,
पद्मी